भाताचा संकर, लेबल आणि नोंदतक्ता : आंबेमोहराची वंशावळ कशी सांभाळायची?



मेंडेलचा वाटाण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी पुस्तकात वाचला आहे. उंच झाड, बुटकं झाड, पहिली पिढी, दुसरी पिढी, ३:१ हे प्रमाण. परीक्षेत चौकट काढून गुणही मिळवले आहेत. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं मेंडेल बागेत काम करत होता आणि त्याने हजारो रोपं वाढवली. मग एखादा दाणा हातात घेतल्यावर तो कोणत्या आईचा, कोणत्या बापाचा आणि कितव्या पिढीचा, हे त्याला कसं कळत असेल?

दाण्याकडे बघून बहुतेक वेळा काहीच कळत नाही. ते कळतं नोंदीवरून. मेंडेलने जितकी झाडं मोजली, तितक्याच काटेकोरपणे त्यांची नोंद ठेवली, म्हणून ३:१ हे प्रमाण त्याला सापडलं. आजचा पाठ या नोंदीबद्दल आहे, आणि उदाहरण आपल्या मुळशीचंच घेऊ : भात.

या पाठात आपण काय शिकणार?

१. भातात संकर कसा करतात
२. लेबलवर काय लिहायचं आणि कशाने लिहायचं
३. संकरांची नोंद ठेवण्यासाठी चार जोडलेले तक्ते (म्हणजेच छोटा डेटाबेस) कसे तयार करायचे
४. ही नोंद गावाच्या दृष्टीने महत्त्वाची का आहे

आधी एक घरचं उदाहरण : इंद्रायणी

आपल्या तालुक्यात आंबेमोहर पिढ्यान् पिढ्या होतो. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास येतो, म्हणून हे नाव. पण जुन्या आंबेमोहराच्या अडचणीही तुमच्या आजोबांना विचारा. झाड उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं आणि उतारा कमी पडतो.

शेजारच्या मावळात वडगावला भात संशोधन केंद्र आहे. तिथे आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ या दोन वाणांचा संकर केला गेला. आंबेमोहराकडून चव आणि वास, आयआर-८ कडून कमी उंची आणि भरघोस उतारा असा विचार होता. त्यातून निवड करत करत जो वाण तयार झाला, तो १९८७ साली शेतकऱ्यांना मिळाला. तोच आपला इंद्रायणी. आज पुणे जिल्ह्यात कितीतरी घरांत रोजचा भात त्याचाच असतो.

आता यातला आयआर-८ बघा. त्याच्या नावातच एक लेबल दडलेलं आहे.

नाव नव्हे, पत्ता : आयआर ८-२८८-३

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ साली ३८ संकर केले गेले. त्यांतला आठवा संकर होता इंडोनेशियातला उंच वाण ‘पेटा’ आणि तैवानमधला बुटका वाण ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा. त्यातून फक्त १३० बिया मिळाल्या. त्या लावल्यावर पहिल्या पिढीतली सगळी झाडं उंच निघाली. त्यांच्या बियांपासून दुसऱ्या पिढीत सुमारे १०,००० झाडं वाढवली, तेव्हा साधारण चौथा हिस्सा झाडं बुटकी आली. मेंडेलचं ३:१ इथेही दिसलं.

पुढच्या पिढ्यांत निवड करत २९८ चांगली झाडं वेगळी काढली. प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून प्रत्येकाची स्वतंत्र ओळ लावली. २८८ व्या ओळीतलं तिसरं झाड निवडलं गेलं. त्याला नाव मिळालं आयआर ८-२८८-३. वाचा बरं :

- आयआर : संस्थेच्या नावातली अक्षरं
- ८ : आठवा संकर
- २८८ : ओळीचा क्रमांक
- ३ : त्या ओळीतलं तिसरं झाड

पोस्टाच्या पत्त्यासारखंच आहे हे. तालुका, गाव, आळी, घर. १९६६ साली हा वाण ‘आयआर-८’ या नावाने प्रसारित झाला आणि आशियातली भातशेती बदलून गेली. आता कल्पना करा, २८८ व्या ओळीची खुंटी कुणाच्या पायाने उपटली असती तर? झाड तिथेच उभं राहिलं असतं, पण ते कुठून आलं हे कुणालाच सांगता आलं नसतं.

यातून या पाठातलं मुख्य वाक्य लक्षात ठेवा : लेबल हरवलं तरी बी उरतं, पण संकर हरवतो.

भातात संकर कसा करतात?

भाताचं फूल स्वपरागण करणारं आहे. म्हणजे स्वतःचेच परागकण स्वतःच्या कुक्षीवर पडतात. एका फुलात सहा पुंकेसर असतात आणि पिसासारखी दिसणारी दोन टोकांची कुक्षी असते. फूल उमलतं सकाळी, साधारण नऊ ते अकराच्या सुमारास. ढगाळ दिवशी थोडं उशिरा. उमलतं म्हणजे तूस थोडा वेळ उघडतं आणि परत मिटतं. त्यामुळे फूल उमलायच्या आधीच आपल्याला काम करावं लागतं.

१. पेरणी टप्प्याटप्प्याने करा. दोन्ही वाण एकाच वेळी निसवले पाहिजेत. म्हणून प्रत्येक वाण आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा कुंड्यांत पेरा.

२. आईची लोंबी निवडा. पोटरीतून निम्म्याहून जास्त बाहेर आलेली, पण फुलं न उमललेली लोंबी घ्या. वरची उमलून गेलेली आणि खालची फार कोवळी फुलं कापून टाका. वीस-पंचवीस फुलं राहू द्या.

३. पुंकेसर काढा. आदल्या दिवशी संध्याकाळी लहान कात्रीने प्रत्येक फुलाच्या तुसाचा वरचा एक तृतीयांश भाग तिरका कापा. बारीक चिमट्याने सहाही पुंकेसर अलगद काढा. सहा मोजा! एक जरी राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळेल. कुक्षीला धक्का लावू नका.

४. पिशवी घाला. बटर पेपरची लांबट पिशवी लोंबीवर घालून खाली क्लिप लावा. पहिलं लेबल आत्ताच बांधा, उद्या नाही.

५. परागण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या झाडाची नुकती उमलायला लागलेली लोंबी आणा. आईवरच्या पिशवीचं वरचं टोक उघडून लोंबी आत हलकेच झटका. भाताचे परागकण काही मिनिटंच जिवंत राहतात, म्हणून गप्पा नंतर. पिशवी परत बंद करा आणि लेबलवर तारीख-वेळ लिहा.

६. वाट बघा. चार-पाच दिवसांत कापलेल्या तुसातून दाणा डोकावताना दिसतो. पंचवीस-तीस दिवसांत तो पिकतो. तूस अर्धं कापलेलं असल्याने हे दाणे उघडे असतात, त्यांना जपून वाळवा.

आई कोण आणि बाप कोण, हे का महत्त्वाचं?

संकर लिहिताना आईचं नाव आधी आणि बापाचं नंतर लिहितात. ज्या झाडावर दाणा धरतो ती आई, ज्याचे परागकण आणले तो बाप. हे उलटसुलट लिहिलं तर चालेल का? आंब्याचं उदाहरण बघा. नीलम × दशेरी या संकरातून ‘मल्लिका’ निघाला आणि दशेरी × नीलम यातून ‘आम्रपाली’. आईबाप तेच, पण वाण दोन. नोंदीत फक्त ‘नीलम आणि दशेरीचा संकर’ असं लिहिलं असतं तर कोणता कोण हे कसं ओळखणार?

आपल्या भाताच्या प्रयोगात तर आई निवडण्यामागे एक युक्तीही आहे. समजा, उंच आंबेमोहर आई घेतला आणि कमी उंचीचा इंद्रायणी बाप. उंची प्रभावी गुण आहे, म्हणून संकरित रोप उंच येईल. पण पुंकेसर काढताना आपली चूक झाली असेल आणि फूल स्वतःच्याच परागाने फळलं असेल, तरीही रोप उंचच येईल! खरा संकर आणि फसलेला संकर सारखेच दिसतील.

आता उलट करा. आई इंद्रायणी, बाप आंबेमोहर. रोप उंच आलं तर बापाचा गुण उतरला, म्हणजे संकर खरा. आईसारखंच कमी उंचीचं आलं तर परागण फसलं, ते रोप बाजूला काढा. म्हणून नवशिक्यांनी अप्रभावी गुणाचं झाड आई म्हणून घ्यावं. ही पडताळणी करता यायची असेल, तर लेबलवर आई कोण हे स्पष्ट असायलाच हवं.

लिहिण्याची पद्धत

शास्त्रज्ञ × ऐवजी तिरकी रेघही वापरतात :

- आंबेमोहर-१५७/आयआर-८ : साधा संकर, आई आधी.
- नीलम/हापूस//हापूस : दोन रेघा म्हणजे नंतर केलेला, दुसरा संकर.

दुसरं उदाहरण ओळखलंत का? नीलम आणि हापूसच्या संकरातून कोकणात ‘रत्ना’ आंबा तयार झाला. मग रत्नाचा परत हापूसशी संकर केला आणि ‘सिंधू’ मिळाला. एका ओळीत आजी-आजोबांपर्यंतची वंशावळ!

लेबल : काय लिहायचं, कशाने लिहायचं?

इथे मला आमचीच एक चूक सांगायला हवी. पहिल्या वर्षी आम्ही मुलांकडून घरचं आंबेमोहराचं बी मागवलं. दोन घरांतून मूठ-मूठभर आलं. त्यातल्या एका घराने त्या उन्हाळ्यात खाचर विकलं होतं. कणगीच्या तळाशी उरलेलं शेवटचं बी मुलीने पुडीत बांधून आणलं होतं. आम्ही ते सगळंच पेरलं. कुंड्यांवर आणि लोंब्यांवर वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे बांधले आणि त्यावर शाईच्या पेनाने लिहिलं.

मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. श्रावण संपेपर्यंत पुठ्ठ्याचा लगदा झाला होता आणि शाईचा निळा डाग. चिठ्ठ्या परत बांधल्या त्या आठवणीने. परतीच्या पावसात त्याही गेल्या. लोंब्या छान भरल्या होत्या. पण कोणत्या कुंडीतला आंबेमोहर कोणत्या घरचा, हे कुणालाही छातीठोकपणे सांगता येईना. ती मुलगी एका कुंडीकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, बहुतेक हीच आमची.” मी वहीत ‘अज्ञात’ लिहिलं. ‘बहुतेक’ लिहिता येत नाही. त्या घरचं बी आमच्या डोळ्यांसमोर कुंडीत उभं होतं, आणि तरीही ते हरवलं होतं.

तेव्हापासून आमचे नियम असे :

- पेन्सिल वापरा. शाई पावसाने जाते, मार्करची अक्षरं उन्हाने उडतात. पेन्सिलीचं ग्राफाइट दोन्हीत टिकतं. खरखरीत प्लास्टिकच्या पट्टीवर ते छान उमटतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर टोकदार खिळ्याने कोरलं तर आणखी उत्तम.
- दोन लेबलं. एक लोंबीला बांधलेलं, एक कुंडीत खोचलेलं. बी काढल्यावरही एक चिठ्ठी पाकिटाच्या आत आणि एक बाहेर.
- सैल बांधा. देठ वाढतो. दोरा घट्ट असेल तर लोंबी वाळते.
- आधी लेबल, मग काम. लेबल लिहून तयार नसेल तर कात्री हातात घ्यायची नाही.
- लेबलवर कमी, वहीत जास्त. लेबलवर फक्त ओळख हवी, बाकी सगळं तक्त्यात.

आमचं एक लेबल असं दिसतं :

मु२४-००३
वा-०५/वा-०१
परागण ८.१०.२४, स. १०.१५
गट ३

‘मु’ म्हणजे मुळशी, २४ म्हणजे वर्ष, ००३ म्हणजे त्या वर्षीचा तिसरा संकर. वा-०५ आणि वा-०१ म्हणजे कोण? त्यासाठी तक्ता बघायचा.

चार तक्ते, एक साखळी

आता येतो डेटाबेस. शब्दाला घाबरू नका. डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेले तक्ते. तलाठ्याकडचा सातबारा पाहिलाय ना? गट क्रमांक हातात असला की खातेदार सापडतो, फेरफार क्रमांक हातात असला की जमीन त्याच्याकडे कशी आली ते सापडतं. आपणही तसंच करायचं. कागदावर आखा किंवा संगणकावर स्प्रेडशीटमध्ये चार पानं करा.

तक्ता १ : वाण
रकाने : वाण क्रमांक, नाव, बी देणारं घर, गाव, मिळाल्याचं वर्ष, घरचे लोक त्याबद्दल काय सांगतात
नमुना : वा-०१, आंबेमोहर, घ-०४, पौडजवळची वाडी, २०२४, “उंच होतो, वास चांगला, पाहुण्यांसाठी ठेवायचो”

तक्ता २ : संकर
रकाने : संकर क्रमांक, आई, बाप, पुंकेसर काढल्याची तारीख, परागणाची तारीख-वेळ, किती फुलं, कोणी केलं
नमुना : मु२४-००३, वा-०५, वा-०१, ७.१०.२४, ८.१०.२४ स. १०.१५, २४ फुलं, गट ३

तक्ता ३ : बी
रकाने : पाकीट क्रमांक, संकर क्रमांक, पिढी, किती दाणे, काढणीची तारीख, कुठे ठेवलं
नमुना : मु२४-००३-प१, मु२४-००३, पहिली, ९ दाणे, ५.११.२४, डबा २

तक्ता ४ : झाड
रकाने : झाड क्रमांक, पाकीट क्रमांक, पेरणी, निसवल्याची तारीख, उंची, वास, शेरा
नमुना : मु२४-००३-प१-०६, मु२४-००३-प१, जून २०२५, …

आता साखळी बघा. झाड क्रमांकावरून पाकीट, पाकिटावरून संकर, संकरावरून आई आणि बाप, बापावरून घर आणि गाव. त्र्यंबकेश्वरला गेल्यावर तीर्थोपाध्याय गावाचं आणि आडनावाचं विचारून नामावळीची वही काढतात आणि पणजोबांच्या सहीपर्यंत पोचतात, अगदी तसंच. एका पानावरचा क्रमांक दुसऱ्या पानाची किल्ली असतो.

मग सगळं एकाच मोठ्या तक्त्यात का लिहायचं नाही? कारण एका संकरातून ९ दाणे आणि पुढे ४० झाडं झाली, तर आईबापाची तीच माहिती ४० वेळा लिहावी लागेल. चाळिसातल्या एकदोन ठिकाणी चूक होणारच, आणि मग कोणती ओळ खरी हा वाद. एक गोष्ट एकाच जागी लिहा, बाकीकडे तिचा क्रमांक द्या. डेटाबेसचा सगळ्यात मोठा नियम हाच.

संगणकावर भरताना होणाऱ्या चुका

१. एकाच वाणाची चार नावं. आंबेमोहर, आंबेमोहोर, अंबेमोहर, आंबे मोहर. आपल्याला हे एकच वाटतं. संगणक मात्र चार वेगळे वाण मोजतो. म्हणून नावाऐवजी वाण क्रमांक वापरायचा. नाव फक्त तक्ता १ मध्ये, एकदाच.

२. क्रमांकाची तारीख होते. स्प्रेडशीटमध्ये ‘3-5’ सारखं काही टाईप करा, ती गुपचूप त्याची ३ मे करून टाकते! हा घोळ इतका सार्वत्रिक आहे की मानवी जनुकांची काही नावं तारखेसारखी वाचली जात होती, म्हणून २०२० साली ती नावंच बदलावी लागली. उपाय सोपा. क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा आणि क्रमांकाची सुरुवात अक्षराने करा.

३. शून्यं खाल्ली जातात. १, २, १० अशा नोंदी अक्षर म्हणून क्रमाने लावल्या तर १, १०, २ असा क्रम येतो. म्हणून ००१, ००२, ०१० असे सगळे सारख्या लांबीचे क्रमांक द्या. आणि अंक एकाच लिपीत ठेवा. अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी अंक असतील तर शोधताना निम्मं सापडणार नाही.

४. रिकामी चौकट. रिकामी म्हणजे काय? शून्य दाणे आले, की मोजलेच नाहीत? शून्य असेल तर ० लिहा, मोजलं नसेल तर ‘नोंद नाही’ लिहा.

५. खाडाखोड. चूक सापडली तर जुनी नोंद पुसू नका. सातबाऱ्यावर बदल होतो तो फेरफाराने. कधी, का आणि कोणी बदल केला हे कळतं. तसंच एक ‘फेरफार’ पान ठेवा. आज चूक वाटलेली नोंद पुढच्या वर्षी बरोबर निघू शकते.

६. एकच प्रत. पावसाळ्यात वीज जाते, मोबाईल पाण्यात पडतो. दर शनिवारी एक प्रत काढून दुसरीकडे ठेवा. कागदी वही तर हवीच.

मोठ्या संशोधन केंद्रांतही तत्त्व हेच असतं, फक्त साधनं वेगळी. लेबलवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापतात. ‘इंटरक्रॉस’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात आईचा आणि बापाचा कोड स्कॅन केला की संकराची नोंद होते. ‘फील्ड बुक’ या अ‍ॅपमध्ये झाडांची उंची, फुलोरा वगैरे शेतातच भरता येतं. तुमच्याकडे एखादा अँड्रॉइड फोन असेल तर जरूर करून बघा. पण आधी एक वर्ष वही आणि पेन्सिलीवर काढा. साखळी डोक्यात बसली की अ‍ॅप दहा मिनिटांत समजतं.

नोंदीतून उत्तर कसं मिळतं?

वरच्या नमुन्यात २४ फुलांवर परागण केलं आणि ९ दाणे मिळाले. म्हणजे ९ ÷ २४ × १०० = ३७.५ टक्के यश. गट १ चं यश १० टक्के आणि गट ३ चं ३७.५ टक्के असेल, तर तक्ता २ मधल्या वेळा बघा. कदाचित गट १ ने बारा वाजता परागण केलं असेल. नोंद नसती तर आपण म्हणालो असतो, “त्यांचा हात चांगला नाही.”

आता पुढच्या वर्षी पहिल्या पिढीच्या झाडांचं बी लावून दुसऱ्या पिढीत ४० झाडं वाढवली असं समजा. उंचीचा फरक एकाच जनुकामुळे असेल तर साधारण ३० उंच आणि १० बुटकी अपेक्षित आहेत. मोजा. ३१ आणि ९ आली तर ठीक. पण २० आणि २० आली तर? कदाचित दोन पाकिटं मिसळली. कदाचित फसलेल्या संकराची रोपं बाजूला काढायची राहिली. तक्ता ३ आणि ४ उघडून साखळी उलटी चालत जा, चूक बहुधा सापडेल.

हे गावाच्या कामाचं कसं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे अगदी थोडी जमीन असलेले शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या भातात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळ्या पिशवीत ठेवलं आणि पुढच्या हंगामात वेगळं लावलं. अशी निवड करत करत जो बारीक तांदूळ तयार झाला, तो एचएमटी या नावाने दूरवर पोचला. यात त्यांनी संकर केला नव्हता, निवड केली होती. पण ती वेगळी पिशवी हेच पहिलं लेबल. ते बी बाकीच्या भातात ओतलं असतं तर एचएमटी झालाच नसता.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या देशात २००१ सालचा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यात शेतकऱ्यांच्या वाणांचीही नोंदणी होते. नवा वाण नोंदवताना तो कोणत्या मूळ वाणांपासून झाला, ते वाण कुठून घेतले आणि त्यात एखाद्या शेतकऱ्याचा किंवा गावाचा वाटा आहे का, हे सांगावं लागतं. म्हणजे तक्ता १ मधले ‘बी देणारं घर’ आणि ‘गाव’ हे दोन रकाने हक्काशी जोडलेले आहेत. घराचं नाव नोंदीत नसेल, तर त्या घराने पन्नास वर्षं सांभाळलेलं बी ‘कुठलं तरी स्थानिक’ होऊन जातं.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात जवळची. आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बाजारात मात्र त्याच्यासारखे दिसणारे दुसरे तांदूळ त्याच नावाने विकले जातात. अशा वेळी आपल्या प्रयोगातल्या संकराचं बी चुकून कुणाच्या घरच्या आंबेमोहरात मिसळलं, तर आपणच त्यात भर घातली असं होईल. आंबेमोहराचा संकर म्हणजे आंबेमोहर नव्हे! म्हणून संकराची पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवा, त्यावर लाल खूण करा. उरलेलं बी खाचरात टाकू नका, कुणाला पेरायला देऊ नका. संकराइतकंच शुद्ध बीही लेबलमुळेच सुरक्षित राहतं.

तालुक्यात शेतजमीन दरवर्षी कमी होते आहे. खाचर गेलं की कणगीही जाते आणि कणगीतलं बीही. ते थांबवणं आपल्या हातात नाही. पण एक प्लास्टिकची पट्टी, एक पेन्सिल आणि चार तक्ते आपल्या हातात नक्की आहेत. त्या मुलीच्या घरचं बी मला परत देता आलं नाही. या जूनमध्ये तुम्ही बी घेऊन याल, तेव्हा पुडी उघडण्याआधी मी तुमच्या हातात पेन्सिल देणार आहे.

स्वाध्याय

१. ‘आयआर ८-२८८-३’ या नावातल्या प्रत्येक अंकाचा अर्थ लिहा.
२. संकर खरा आहे की फसला, हे पहिल्या पिढीतच ओळखता यावं म्हणून आई कशी निवडाल? कारण द्या.
३. ‘इंद्रायणी/आंबेमोहर//इंद्रायणी’ ही वंशावळ शब्दांत लिहा.
४. १८ फुलांवर परागण केलं आणि ६ दाणे मिळाले. यशाचं प्रमाण किती टक्के?
५. एका लेबलवर फक्त ‘आंबेमोहर संकर, ऑक्टोबर’ असं लिहिलं आहे. यात कोणकोणती माहिती कमी आहे?
६. झाड क्रमांक मु२४-००३-प१-०६ च्या बापाचं बी कोणत्या घरातून आलं, हे शोधायला कोणते तक्ते, कोणत्या क्रमाने उघडाल?

उपक्रम

घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठांशी बोला. त्यांच्याकडे आज कोणकोणतं बी आहे (भात, नाचणी, वरई, घेवडा, काहीही), ते कुठून आलं, किती वर्षं सांभाळलं, हे विचारून तक्ता १ भरा. ज्या बियांची नावं त्यांना आठवतात पण जे बी आता घरात नाही, त्यांचीही वेगळी यादी करा. दोन्ही याद्या वर्गात घेऊन या.